रॉटरडॅमला अडकलेला आमचा द्राक्षांचा कंटेनर

2024 च्या हंगामात आमच्या निफाडकडच्या गटाने पहिल्यांदाच मधला व्यापारी टाळून थॉमसन जातीच्या द्राक्षांचा कंटेनर थेट रॉटरडॅमला पाठवला. ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांची सरकारी ऑनलाइन नोंद) प्लॉटची नोंदणी, रेसिड्यूचा (मालात उरलेल्या औषधांच्या अंशांचा) रिपोर्ट, पॅकिंग, प्रीकूलिंग, सगळं सुरळीत झालं. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांपायी युरोपात माल अडकला, तेव्हापासून आपले बागायतदार रिपोर्टच्या बाबतीत पक्के झालेत. आम्हाला रडवलं ते फायटोने, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याने.

क्लिअरिंग एजंटकडे अर्ज भरताना कंटेनर नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले. फायटोवर एक नंबर, डब्यावर दुसरा. कागद जुळेना म्हणून तिथल्या निरीक्षकांनी माल सोडला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. इकडे एजंटच्या ऑफिसात फोन केला की एकच उत्तर, ‘उद्या होऊन जाईल.’ दुरुस्त फायटो हवा तर आधीची मूळ प्रत जमा करा म्हणे, आणि ती तर कुरियरने हॉलंडला पोचलेली! शेवटी आयातदाराने ती परत पाठवली, जमा झाली, मग नवा कागद निघाला. तोवर डबा प्लगवर, म्हणजे थंड ठेवायला बंदरातल्या विजेवर, आणि विजेचे नि डेमरेजचे (डबा अडकून राहिल्याच्या आकाराचे) पैसे युरोत चढत होते. चूक ज्याची त्याने साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही, याचा राग अजून जात नाही.

त्यात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात होती, म्हणजे माल आधीच दोनेक आठवडे जास्त जुना. डबा उघडल्यावर आलेला फोटो मी मोठा करून पाहिला. मणी टणक, पण काड्या तपकिरी पडू लागलेल्या. जर्मनीच्या गिऱ्हाइकाने त्यावरच भाव पाडला. तरी माल विकला गेला, फेकावा लागला नाही.

म्हणून सांगतो, फायटोचा मसुदा हातात घेऊन डब्याच्या दाराच्या फोटोशी स्वतः ताडून पाहा. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला तपासणी आकडा. डबा शहरात नाही, चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला समुद्रात भर घालून केलेल्या मासव्लाक्टवर उतरतो, त्यामुळे तिथून पुढच्या वाहतुकीचा खर्च कोणाचा ते आधीच ठरवा. प्लगचे फ्री दिवस किती, हे भाडं ठरवतानाच लेखी घ्या. आणि हो, पेट्यांमध्ये तापमानाची नोंद ठेवणारा लॉगर ठेवाच. आमच्या लॉगरमुळेच शीतसाखळी तुटली नव्हती हे दाखवता आलं, आणि भावातली आणखी कपात टळली.