बारा तालुक्यांचा नकाशा

कार्यानुभवाच्या खोलीत खिडकीखाली पायानं चालवायचा एक स्क्रोल सॉ होता, म्हणजे बारीक उभ्या पात्यानं लाकडात वळणं कापायची करवत. आमच्या कार्यानुभवाच्या सरांनी तो स्वतः जुळवलेला. शिलाई मशीनचा जुना बिडाचा सांगाडा कुठूनतरी मिळवला आणि वरचे दोन हात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून करून आणले. 1987 साली नववीत असताना मी त्यावर पहिल्यांदा बसलो. आज घरी विजेवर चालणारा चांगला सॉ आहे, पण माझं बोट अजूनही आधी पात्याची तार छेडून बघतं, कारण सर तसं करायचे. पातं पुरेसं ताणलेलं असलं की खणखणीत वाजतं. ढिलं असलं की मुकं राहतं, आणि मग वळणावर हमखास भरकटतं.

माझ्या डोक्यात कोल्हापूर जिल्ह्याचं कोडं होतं. बारा तालुके, बारा तुकडे. चहाच्या खोक्याचा प्लाय घेतला, भूगोलाच्या सरांकडचा नकाशा कार्बननं उतरवला, रंगवला. पहिल्या दिवशी मी फळी नेटानं पुढं रेटत होतो आणि पाती तुटत होती. तिसरं तुटल्यावर सर शेजारी येऊन उभे राहिले.

“पोरा, पातं जागेवरच वर-खाली होतंय. वळायचं ते फळीनं. तू नुसती फळी धर आणि रेघ बघ.”

तेवढ्यावर हात सुधारला. वारणेकाठची वळणं अशीच जमली. टोकदार वळण आलं की पुढं सरकायचं नाही, पाय चालू ठेवायचा आणि फळी पात्याभोवती हळूच फिरवायची. पात्याचे दात खाली तोंड करून का लावतात, हेही तिथंच समजलं. कापताना फळी टेबलावर दाबलेली राहते, उडत नाही. उलटे लावले तर प्रत्येक फेऱ्याला ती हातातून वर उचलली जाते.

आधी कडेला गिरमिटानं बारीक भोक पाडलं, त्यातून पातं ओवलं आणि अख्खा जिल्हा फळीतून कापून काढला. बाहेर उरली ती चौकट. आता चौकटीला तळ चिकटवायचा, जिल्ह्याचे तालुके पाडायचे आणि संपलं, अशा आनंदात मी जिल्हा वरून चौकटीत ठेवायला गेलो, तर तो बसेना. खालून घातला की सहज जायचा, वरून नाही. महिनाभराचं काम होतं ते. माझे डोळे भरून आले.

सर रागावले नाहीत. त्यांनी सॉच्या टेबलावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, उभा केला, पात्याला टेकवला आणि मला वाकून बघायला सांगितलं. पातं आणि गुण्या यांच्यात खाली काहीच फट नव्हती, वर मात्र उजेडाची बारीक पाचर दिसत होती. टेबलाचा स्क्रू ढिला होऊन ते कललं होतं आणि मी सगळा जिल्हा तिरका कापला होता. “कापायच्या आधी गुण्या. नंतर कापलेला तुकडा वरूनही ढकलून बघायचा, खालूनही,” एवढंच ते बोलले. मग कपाटातून दुसऱ्या खोक्याचा प्लाय काढून दिला.

दुसरा नकाशा नीट झाला. गगनबावड्याचा तुकडा एवढासा, चंदगड पार खाली टोकाला, मध्ये आजरा. पहिला, फसलेला नकाशा सरांनी टाकला नाही. पुढं दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच तासाला तो दाखवून ते विचारायचे, “हा जिल्हा वरून बसत नाही. का, ते शोधा.” माझ्या धाकट्या भावानं घरी येऊन हे सांगितलं. तो नकाशा कुणी कापला, हे सरांनी वर्गात कधीच सांगितलं नाही.

खूप नंतर वाचनात आलं की या कोड्यांची सुरुवातच नकाशापासून झाली. 1760 च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. त्यानं नकाशा लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकता यावा म्हणून. एकमेकांत अडकणारी गाठोड्यासारखी टोकं या खेळात पुढं आली. ते वाचताना सरांना सांगावंसं फार वाटलं. तोवर सर राहिले नव्हते.

शाळेच्या महोत्सवासाठी मी बारा तालुके पुन्हा कापले आहेत, या वेळी सागवानात. सीमेवरच कापल्यामुळे तुकडे एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून चौकट खोल ठेवली आहे. नकाशा ग्रंथालयात खालच्या फळीवर आहे, पाचवीच्या मुलांचा हात पोचेल असा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि शिरोळचा तुकडा आवळतो. तेव्हा तो वरून खरवडून काढू नका. चौकटीच्या तळाला प्रत्येक तालुक्याखाली बोट जाईल एवढं भोक ठेवलं आहे, तिथून ढकला.