मियाटाला टर्बो, आणि कमी पडलेले ११ मिमी

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या आमच्यासारख्या चिंचवडकरांना हिवाळ्यात दोनच उद्योग उरतात. एक बर्फ उपसणं, दुसरा गॅरेजात काहीतरी खोलून ठेवणं. मी १९९५ ची माझदा मियाटा खोलली. १.८ लिटर, १२८ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन ९ ला १, म्हणजे टर्बोला (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) सोसेल असं. १९९३ पर्यंतच्या १.६ वाल्या गाड्या स्वस्त मिळतात, पण त्यांचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) लहान आणि वाढीव टॉर्कला कच्चं, म्हणून त्या मुद्दाम टाळल्या.

टर्बोचं किट आलं. मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या), टर्बो बसले. टर्बोच्या कॉम्प्रेसरमधून (हवा दाबणारी बाजू) इंटरकूलरकडे (ती तापलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा अडीच इंची पाइप मात्र फ्रेम रेलला जाऊन भिडला. पुस्तिकेत यावर एकच ओळ होती: गरज पडल्यास रेलची कड कापून घ्यावी. ग्राइंडर समोरच पडलेला. तेवढ्यात बाबांचा फोन आला. ते चाळीस वर्षं टूलरूममध्ये होते, त्यामुळे त्यांना सगळं सांगावंच लागतं.

"किती कमी पडतंय?"

"थोडंसंच, बाबा."

"अरे, थोडंसं म्हणजे किती? मोजलं नाहीस ना?"

नव्हतं मोजलं. दुसऱ्या दिवशी मोजलं: ११ मिमी.

मियाटाला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. ही रेल म्हणजे पत्रा वाकवून, स्पॉट वेल्डिंगने जोडलेली पोकळ पेटी. समोरून धडक बसली तर तिने ठरल्याप्रमाणे चुरगळत जाऊन मार खायचा असतो. तिची कड कापली की ते गणितच बिघडतं. शिवाय इथे रस्त्यावर मिठाचा मारा. कापलेल्या कडेतून गंज आत शिरला की वरून रंग कितीही मारा. माझ्या गाडीच्या रेलला आधीच थोडी गंजाची पावडर सुटत होती. तिथे कटर लावायची हिंमत झाली नाही, आणि पुस्तिका लिहिणाऱ्याला ती कशी झाली हेही कळलं नाही.

मग इंटरकूलरच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका केला, प्लास्टिकच्या नळाचे तुकडे तापवून, वाकवून मार्ग शोधला. दोन शनिवार त्यात गेले. खरी मोकळीक मिळाली ती कॉम्प्रेसर हाउसिंग फिरवल्यावर. त्याचे बोल्ट सैल केले की हाउसिंग गोल फिरतं आणि तोंड हव्या त्या कोनात आणता येतं. फक्त वेस्टगेटचा, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोच्या बाजूने सोडून देणाऱ्या झडपेचा, अ‍ॅक्चुएटर (दांडीने ती झडप उघडणारा भाग) त्याच हाउसिंगवर बसलेला असतो, तोही सोबत फिरतो. त्याचा ब्रॅकेट नव्याने केला आणि दांडीची लांबी परत जुळवली; ती चुकली तर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, आवरत नाही. पहिल्या कोनात पाइप रेलपासून सुटला, पण पॉप-अप हेडलाइटच्या यंत्रणेला लागला. दिवा वर असताना सगळं छान, खाली केला की टक्. आणखी जरा फिरवलं. शेवटी अडीचऐवजी दोन इंची पाइप घेतला. अर्ध्या बारच्या बूस्टला तेवढा पुरतो; जाड पाइप दिसायला भारी, बाकी फायदा नाही. कापला फक्त रेडिएटरभोवतीचा प्लास्टिकचा आडोसा.

बाकीचं ठरलेलं काम: मोठे इंजेक्टर, मेगास्क्वर्ट ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, स्पार्क प्लग आणि त्यांची फट ०.७ मिमी. मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही, तरी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं देशाच्या कायद्यात बसत नाही. तो जागेवरच आहे.

मी फसलो ते तेलाच्या परतीच्या नळीत. टर्बोतलं तेल केवळ उताराने ऑइल चेंबरमध्ये परततं. चेंबर खाली काढायचा तर इंजिन उचलावं लागतं, म्हणून जागेवरच भोक पाडून आटे पाडले. कीस आत जाऊ नये म्हणून टॅपला ग्रीस फासलं, नंतर स्वस्त तेल ओतून दोनदा धुतलं. इथवर ठीक. पण नळी लांब ठेवली आणि तिला मध्ये झोळ आला. गाडी सुरू करून पाच मिनिटं झाली आणि सायलेन्सरमधून निळा धूर. तेल झोळात तुंबून टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरत होतं. टर्बो गेला असं समजून रात्रभर तळमळलो. सकाळी नळी चार बोटं आखूड केली, धूर बंद.

पाचशे मैलांनी टर्बोचे स्टड (तो धरून ठेवणारे आट्यांचे दांडे) सैल झाले, तापून-थंडावून ते होतंच. इन्कोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे टाकले.

रेल आणि पाइप यांच्यात आता १४ मिमी मोकळे आहेत. फोटो पाठवला तर बाबांचं उत्तर: "इंजिन माउंटवर हललं की किती राहतात?"

या वेळी मोजून ठेवलं होतं. सहा.