आमची वाटचाल : चार बोटांचा पूल

एक सेकंडहँड पुलर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), एक लोबेड (जमिनीलगतच्या डेकचा बुटका ट्रेलर) आणि दादांचा अर्धा वाटा, एवढ्यावर आम्ही जड मशिनरीच्या वाहतुकीत उतरलो. दादा आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रेलर चालवून आलेले. भांडवल माझं थोडं जास्त होतं, अक्कल सगळी त्यांची. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो: अंतर गुणिले किलोमीटरचा दर, अधिक टोल. दादा कागद पालथा घालायचे आणि विचारायचे, "शेवटचे पाचशे मीटर बघितलेस का?"

हजार किलोमीटर रस्ता लोण्यासारखा असतो आणि साईटच्या तोंडाशी एक कच्चं वळण निघतं. लांब ट्रेलरची मागची चाकं वळणावर आत कापतात. तिथे नाला असला की क्रेन बोलवा, आणि नफ्याला रामराम करा.

आमची हत्यारं तीन: ५० मीटरचा टेप, वही आणि काठी. काठी म्हणजे सुका बांबू, त्यावर फुटाफुटाला लाल-पांढरे पट्टे आणि टोकाला घंटी. ट्रेलरच्या पुढे धावणाऱ्या पायलट जीपच्या पुढच्या बंपरला ती उभी बांधायची, भरलेल्या गाडीपेक्षा वीतभर उंच ठेवून. पुलाखाली घंटी वाजली की मागच्या गाडीने जागेवर थांबायचं. विजेच्या तारांजवळ काठीचे प्रयोग करू नयेत, तिथे लाइनमनच लागतो. आता लेझरची यंत्रं आली आहेत, आमच्याकडेही आहे एक. पण लेझर वाजत नाही.

वजनाचंही तसंच. गिऱ्हाईक कॅटलॉगचं पान पाठवतं. त्यातलं ऑपरेटिंग वजन म्हणजे टाकी फुल, खुर्चीत ७५ किलोचा ऑपरेटर आणि कंपनीने धरलेली बकेट. प्रत्यक्षात पोकलेनला ब्रेकर (खडक फोडायचा हातोडा) लावलेला असतो, जास्तीची बकेट 'जाता जाता टाका' म्हणून सांगतात आणि चेनमध्ये आठवड्याचा चिखल सुकलेला असतो. कागदावर २१ टन, काट्यावर २४. तीन टनांनी एक्सलचा हिशोब बदलतो, एक्सल बदलले की ट्रेलर बदलतो आणि परवानाही. परवानेवाले एक्सलवर अडतात ते उगाच नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले होते. एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, हा ठोकताळा तिथूनच आला.

आता त्या चार बोटांच्या पुलाच्या कामाबद्दल. सात मशिन्स, एकच गिऱ्हाईक, लांबचा पल्ला. आम्ही सर्वे करून, लोबेड आणि पायलट धरून दर दिला. आमच्याच धंद्यातल्या एकाने न बघता व्हॉट्सॲपवर एक आकडा पाठवला, आमच्या पाऊण. किलोमीटर गुणिले दर! मला राग आला, आणि रागात मी त्याच्याही खाली उतरलो. एकरकमी, सगळं धरून. ते भरून काढायला दोन गोष्टी छाटल्या. लोबेडऐवजी सेमी-लो, म्हणजे जरा उंच डेकचा ट्रेलर, घेतला आणि पायलट जीप रद्द केली. काठी ऑफिसच्या कोपऱ्यात राहिली. दादा काही बोलले नाहीत, पण पहिली गाडी स्वतः चालवायला घेतली.

गणित साधं होतं. मशीन बूम (पुढचा लांब हात) दुमडून ३.१० मीटर, सेमी-लोचा डेक १.२५, म्हणजे रस्त्यापासून ४.३५. पुलावर पाटी ४.५० ची. दादांनी तरी गाडी थांबवली, उतरले आणि टेप लावला. ४.२८ भरलं. पाटी लागल्यानंतर खाली डांबराचे थर चढत गेले होते. रस्ता वर आला, पाटी होती तिथेच. सात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं. लोबेडचा डेक ०.९० चा असतो. त्यावर तेच मशीन ४.०० मध्ये शीळ घालत गेलं असतं.

बघ्यांपैकी कोणीतरी सुचवलं, चाकातली हवा कमी करा. दादा म्हणाले, "भरल्या गाडीची? टायर तापून फुटला तर मशीन तुझ्या अंगावर येईल." रात्री वाहतूक थांबवून दोन किलोमीटर ट्रेलर उलटा घेतला. मग १९० किलोमीटरचा वळसा, नव्या रस्त्याचा नवा परवाना, एकूण नऊ दिवस. तिकडे साईटवर गिऱ्हाइकाची क्रेन रिकामी उभी होती, तिचं भाडं आमच्या बिलातून कापलं. उरलेली सहा मशिन्स लोबेडवर नेली, दर मात्र तोच. तोवर घेतलेला दुसरा ट्रेलर विकावा लागला. दादांनी चौदा महिने वाटा उचलला नाही, आणि चार बोटांचा विषय एकदाही काढला नाही. तेच जास्त लागलं. तो पाऊण दरवाला मात्र सगळीकडे सांगत फिरला की या लोकांना पूल मोजता येत नाही. त्याने स्वतः मोजलेला पूल मला कोणी दाखवावा.

त्यानंतरची अकरा वर्षं ठीक गेली.

मशीन पाठवणाऱ्यांना सांगतो, न विचारता. मशीन स्वतःच्या पायावर चढणार आहे की मेलेलं आहे, हे आधी सांगा, कारण मेलेल्याला वर ओढायला विंच लागते. दर नुसता किलोमीटरवर मागू नका. चढवणं, बांधणं, उतरवणं यांचा वेळ ५० किलोमीटरला लागतो तेवढाच १,५०० ला लागतो, म्हणून जवळचं काम किलोमीटरमागे महाग दिसतं. घाट विचारा. मशीनसकट ६० टनांची गाडी हजार मीटर वर चढवायला निव्वळ उंचीपोटी ४० लिटरच्या आसपास डिझेल जातं, आणि उतारावर त्यातलं काही परत मिळत नाही, ब्रेक तेवढे तापतात. परतीचा माल नसेल तर रिकामी फेरी कोणाच्या तरी खिशातून जातेच. साखळ्यांवर घासाघीस करू नका. युरोपातलं मानक असं धरतं की जोरात ब्रेक लागला की वजनाच्या ०.८ पट बळ माल पुढे ढकलतं. २४ टनांच्या मशीनचं ते १९ टनांवर जातं, आणि पुढे ड्रायव्हरची केबिन असते. हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी अडकून उभी राहिली तर त्या दिवसांचा, दर कोटेशनमध्ये लिहिलेला नसेल तर तो नंतर निघणार, हे समजून चाला.

दादा आता गाडीवर नसतात. कोटेशन बाहेर जाण्याआधी मात्र त्यांच्या टेबलावर थांबतं. मागच्या महिन्यात क्रेनचं भाडं कापणाऱ्या त्याच गिऱ्हाइकाचा फोन आला. दोन मशिन्स आहेत, अंदाजे किती होईल, एक आकडा सांगून टाका. मी म्हटलं, काट्याची पावती आणि साईटच्या रस्त्याचे फोटो पाठवा. आश्चर्य म्हणजे पाठवले. अंदाजपत्रक दादांनी स्वतः लिहिलं: लोबेड, पायलट, सर्वे, हॉल्टिंग. सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, 'मागील येणे : क्रेनभाडे, नऊ दिवस'.

उत्तर अजून आलेलं नाही. काठीला मी नवी घंटी बांधून ठेवली आहे.