कुंडीतला किडा आधी ओळखा, औषधाचं मग पाहू

पाऊस लागला की कुंडीच्या मातीत हालचाल दिसू लागते. पाणी घातलं की पांढरं काहीतरी टुणटुण उडतं, तुळशीभोवती काळी चिलटं फिरतात. खान्देशात कपाशीसाठी आणलेल्या औषधाचा तळ बऱ्याच घरांत उरलेला असतो; त्यातलंच अर्धं झाकण कुंडीत जातं. हे करू नका. तुळस आणि कढीपत्ता आपल्या पोटात जातो. शेताच्या औषधाचं प्रमाण पाच किलो मातीला लावता येत नाही. शिवाय मरतो तो किडा बहुतेक वेळा झाडाला काहीच करत नसतो. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर तर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुनी पिशवी घरात असली तरी तिला हात लावू नका.

ओळखायला पांढरी बशी, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक बटाटा पुरतो. चमचाभर माती बशीत पसरा आणि आधी पाय मोजा. पाय नसतील तर बहुधा माशीची अळी. आठ असतील तर कोळी, म्हणजे माइट (जाळं विणणारा नव्हे). टाचणीच्या डोक्याएवढा, तपकिरी, चकचकीत, संथ चालणारा असेल तर तो कुजकं खाणारा मातीतला कोळी, त्याला राहू द्या. झाडाचं नुकसान करणारा लाल कोळी पानाखाली असतो, मातीत नाही.

उड्या मारणारे ते स्प्रिंगटेल: एक ते तीन मिलिमीटर, पांढरे किंवा राखाडी, सहा पायांचे. पोटाखालच्या दुभंगलेल्या शेपटीच्या झटक्यानं ते उडतात. मातीवर पाणी तुंबवलं की भिजत नाहीत, वर तरंगतात. एवढ्यावर ओळख पक्की होते. ते बुरशी आणि कुजका पाला खातात. फार झाले तर एवढंच कळतं की माती सतत ओली आहे.

खरा त्रास चिलटांचा. उडणाऱ्या चिलटानं झाडाला काही होत नाही, त्याची अळी कोवळी मुळं कुरतडते. अळी पाच-सहा मिलिमीटर लांब, पारदर्शक, बिनपायाची, डोकं मात्र चकचकीत काळं. बटाट्याची एक सेंटीमीटर जाडीची चकती मातीत किंचित दाबून ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून पाहा. अळ्या असतील तर खाली जमलेल्या दिसतील. अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा साधारण तीन-चार आठवड्यांचा असतो आणि अळ्या वरच्या पाच-सात सेंटीमीटरमध्येच राहतात. म्हणून वरचा थर वाळू देणं हाच मुख्य इलाज. इथं आपली काळी माती फसवते: वरून भेगाळलेली, आत चिकट ओली. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहा, मगच पाणी द्या. अर्धवट कुजलेलं शेणखत किंवा केळीच्या खांबाचे तुकडे घातले असतील तर ते काढा. पिवळे चिकट सापळे फक्त उडणारी चिलटं धरतात. अळीसाठी बीटीआय हा जिवाणू लेबलवरच्या प्रमाणात, दर आठवड्याला असा तीनदा पाण्यातून द्या. अंडी आणि कोष त्यानं मरत नाहीत, म्हणून एकदा देऊन भागत नाही.

पाणी देऊनही झाड मलूल आणि तळाच्या भोकातून मुंग्यांची ये-जा? झाड मातीच्या गड्ड्यासकट बाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला कापसासारखे ठिपके असतील तर मुळावरचा मिलीबग (पिठ्या ढेकूण) असू शकतो. पण पर्लाइट आणि बुरशीही तशीच पांढरी दिसते. पर्लाइटचा, म्हणजे कुंडीच्या मातीत मिसळतात त्या हलक्या पांढऱ्या खड्याचा, दाणा नखाखाली करकरतो. बुरशी जाळ्यासारखी मातीतून पसरलेली असते. मिलीबगचं मेण पाण्यानं भिजत नाही, आणि तो चिरडला की नख ओलं होतं. मुळं धुवा, खराब झालेली छाटा, कुंडी गरम पाण्यानं घासा. ती माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका.

शेणखतातून येणारी जाड, पांढरी, वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली की सगळे तिला हुमणी म्हणतात. गुळगुळीत फरशीवर ठेवून पाहा. पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती फुलभुंग्याच्या जातीची, कुजकं खाणारी. तिला खताच्या ढिगात सोडा. कुशीवर वळून पडली किंवा पायांवर चालू लागली तर हुमणी समजून वेचून काढा, ती मुळं खाते. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. त्या दिवसांत खताचा ढीग उघडा ठेवू नका.

मातीत काय काय आहे ते एकदा नीट पाहायचं असेल तर मातीतले जीव दिव्याच्या उष्णतेनं खाली उतरवणारं बर्लेसी नरसाळं करा. इटलीचा कीटकशास्त्रज्ञ बर्लेसी यानं ते १९०५ मध्ये मांडलं, स्वीडनच्या टुलग्रेननं १९१८ मध्ये त्यावर दिवा आणला. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवा, तोंडाशी मच्छरदाणीची जाळी, वर मूठभर माती, खाली ओला टिश्यू घातलेली वाटी. वीतभर उंचीवर ४० वॅटचा साधा बल्ब एक-दोन दिवस चालू ठेवा. एलईडी चालत नाही, त्याला उष्णता कमी. माती वरून हळूहळू वाळते आणि जीव खाली सरकत वाटीत पडतात. वेळ वाचवायला उन्हात ठेवू नका, ते खाली येण्याआधीच मरतात.

ऊन कामाला येतं ते जुन्या मातीसाठी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा माती ओली करून गच्चीवर दहा सेंटीमीटरचा थर पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा दाबा आणि चार आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती कमी तापते. माती ओलीच हवी, कोरड्या मातीत उष्णता खोल उतरत नाही. यात उपयोगी जीवही मरतात, म्हणून नंतर चांगलं कुजलेलं, चाळलेलं लेंडीखत मिसळून मगच कुंड्या भरा.