तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मोल्दॉक’ का चालत नाही

“कधीच न ऐकलेला शब्द आपल्या भाषेत शोभेल की नाही, हे कोरियन लोकांना कळतं कसं?” कोरियनची दुभाषी आहे म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. पाठोपाठ, “नियम सांगा ना!”

घ्या नियम. उच्चारात शब्दाच्या शेवटी सातच व्यंजनं येतात: क, त, प, न, म, ल आणि ङ. ङ नं शब्द सुरू होत नाही. झालं समाधान? माझं नाही झालं. हांगुल या कोरियन लिपीत अक्षरांचे 11,172 ठोकळे जुळवता येतात. 1987 साली संगणकासाठी ठरवलेल्या प्रमाण अक्षरसंचात त्यांतले 2,350 च घेतले, कारण बाकीचे क्वचितच लागतात. लिहिता येतं ते सगळं कानाला पटतंच असं नाही.

सेऊलमध्ये ऑफिसच्या मंडळींबरोबर जेवताना नादशब्दांचा विषय निघाला. चांदणी लुकलुकते ती ‘बान्च्चाक’, वीज लखलखते ती ‘बॉन्च्चॉक’. आ, ओ हे उजळ, हलके स्वर; ऑ, उ गडद, जड. एकानं तिथल्या तिथे तीन शब्द रचले: मोल्दाक, मुल्दॉक, मोल्दॉक. यातला उपरा कुठला? तिसरा शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच सगळे हसले. मी मनात स्वरांच्या जोड्या लावल्या, उजळाशी उजळ, गडदाशी गडद, आणि म्हटलं, “तिसरा.” उत्तर बरोबर होतं. शेजारी बसलेल्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, “बरोबर. पण तुला हिशेब करावा लागला.” कौतुकानंच म्हणाल्या हो. मला मात्र पुढचा घास जाईना. याच भाषेवर माझं पोट चालतं, आणि हसू यायलाच मला उशीर झाला.

लहानपणापासून कानावर पडलं की येतं, त्यात काय मोठं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आज ते पुरत नाही. सशाच्या उड्यांचं आधीचं प्रमाण रूप ‘क्कांगछोंग’, स्वर नीट जुळणारे. 1988 च्या प्रमाणभाषेच्या नियमांनी ‘क्कांगछुंग’ स्वीकारलं, कारण लोक तसंच बोलत होते. मग त्याला कुणी का हसत नाही? सवय म्हणावी, तर ‘मोल्दॉक’ची सवय कुणालाच नव्हती, पण ‘मोल्दाक’ची तरी कुठे होती? श्रमाला दक्षिणेत ‘नोदोंग’ म्हणतात, उत्तरेत त्याच शब्दाला ‘रोदोंग’. दक्षिणेत सुरुवातीचा र खटकतो म्हणावं, तर ‘रादिओ’ बिनबोभाट चालतो.

आणि नियम मागणाऱ्यांनो, मराठीत ‘ळमका’ असा शब्द आहे का? शब्दकोश न उघडताच नाही म्हणालात ना? ते कुठून कळलं, आधी मला सांगा.