लॉगमध्ये ‘सेंट’, शिरोलीत शेड्यूल नाही

आमच्या चाकणच्या प्लांटमधून रोज पहाटे सप्लायरना डिलिव्हरी शेड्यूल जातं. कुठलं कास्टिंग, किती नग, कोणत्या तारखेला. ईआरपीतून, म्हणजे कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमधून, एक्सेल फाइल निघते आणि क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावलेली एक पायथन स्क्रिप्ट ती कंपनीच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरमार्फत पाठवते. बिनबोभाट चालणारं काम. त्या सोमवारी मटेरियल प्लॅनिंगमधून फोन आला, “सर, शिरोलीची फाउंड्री म्हणतेय शेड्यूल आलंच नाही. भोसरीवालेही तेच म्हणतायत. मला मात्र कॉपी आलीय.”

या शेवटच्या वाक्यातच सगळं होतं. लॉग उघडला तर ‘मेल सेंट’, एरर एकही नाही. सप्लायरच्या स्पॅममध्ये मेल नाही, आमच्याकडे बाउन्सही, म्हणजे ‘मेल पोचला नाही’ असं सांगणारा परतीचा मेलही, नाही. आतल्यांना पोचतो आणि बाहेरच्या एकालाही नाही, म्हणजे मेल आपल्याच दारात अडतोय.

अशा वेळी मी स्क्रिप्ट बाजूला ठेवून सर्व्हरशी हातानेच बोलतो. नव्या मशीनवरून टेलनेटने, म्हणजे सर्व्हरला थेट आदेश टाइप करता येणाऱ्या साधनाने, मेलचं पोर्ट २५ उघडलं, पाठवणाऱ्याचा पत्ता दिला. मग घेणाऱ्यांचे. प्लॅनिंगचा पत्ता टाकला: २५०, ओके, म्हणजे स्वीकारला. शिरोलीचा टाकला: ५५० ५.७.५४, अनएबल टू रिले, म्हणजे हा मेल बाहेर पुढे पाठवणार नाही.

हो, नवं मशीन. शनिवार-रविवारात स्क्रिप्ट जुन्या सर्व्हरवरून तिथं हलवली होती आणि आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, बदलला होता. या स्क्रिप्टला लॉगिन-पासवर्ड नव्हताच. एक्सचेंजच्या रिसीव्ह कनेक्टरमध्ये (कुणाकडून मेल घ्यायचा हे ठरवणारं सेटिंग) जुना आयपी नोंदवलेला, म्हणून तिला बाहेर मेल पाठवायची मुभा होती. नव्या आयपीला ती नव्हती. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचे मेल मात्र सर्व्हर लॉगिनशिवायही घेत होता.

मग लॉगमध्ये ‘सेंट’ का? पायथनचं सेंडमेल फंक्शन सगळेच पत्ते नाकारले गेले तरच एक्सेप्शन, म्हणजे एरर, देतं. एक जरी स्वीकारला गेला, तरी मेल पुढे जातो आणि नाकारलेल्यांची डिक्शनरी, म्हणजे पत्ते आणि सर्व्हरचं उत्तर यांची यादी, मुकाट्याने परत मिळते. ती डिक्शनरी स्क्रिप्टमध्ये कुणी वाचतच नव्हतं. आणि बाउन्स यायचा प्रश्नच नव्हता: सर्व्हरने ते पत्ते तोंडावरच नाकारले होते, मेल ताब्यात घेतला नव्हता. जबाबदारी पाठवणाऱ्याकडेच राहिली.

मेल अ‍ॅडमिनला आयपी कळवला. पुन्हा ही कटकट नको म्हणून अख्खा सबनेटच, म्हणजे नेटवर्कचा तो सगळा भागच, उघडून द्या, असा आग्रह काहींनी धरला. त्याने ठाम नकार दिला आणि मी त्याच्याच बाजूने बोललो. त्या सबनेटमधल्या एखाद्या मशीनमध्ये व्हायरस शिरला, तर आमच्या नावाने जगभर स्पॅम जाईल आणि सर्व्हर ब्लॅकलिस्टमध्ये बसेल. मग शेड्यूलच काय, कोटेशनही कुणाला पोचणार नाही. नव्वदच्या दशकात असे सताड उघडे रिले स्पॅमवाल्यांनी मनसोक्त वापरले. आजची कडक बंधनं त्यातूनच आली आहेत. एकच आयपी नोंदवला गेला.

शेड्यूल पुन्हा पाठवलं. प्लॅनिंगच्या बाईंनी एकेका सप्लायरला फोन करून पोच घेतली, तोवर मी जागेवरून उठलो नाही. शिरोलीची गाडी संध्याकाळी निघाली.

नंतर स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी बदलल्या. डिक्शनरी रिकामी नसेल, तर नाकारलेले पत्ते आणि सर्व्हरचं उत्तर प्लॅनिंगला लगेच मेल होतं. आतला मेल असल्याने तो रिले बंद असतानाही पोचतो. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. एन्व्हलप सेंडर (बाउन्स ज्या पत्त्यावर परत येतात तो) म्हणून ‘नोरिप्लाय’चा पत्ता होता, ज्याचा मेलबॉक्सच अस्तित्वात नव्हता. उशिरा येणारे बाउन्स तिथं जाऊन नाहीसे होत. तिथं प्लॅनिंगचा सामायिक मेलबॉक्स टाकला.

दुसऱ्याच दिवशी त्यात एक बाउन्स आला. भोसरीच्या एका सप्लायरकडचा पत्ता, तिथून नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. तो पत्ता केव्हापासून बंद होता, हे त्यांनाही सांगता आलं नाही.