पडून असलेल्या बुलेटचा विमा

"पाच हजार आठशे त्र्याण्णव?" मी फोनवर दुसऱ्यांदा विचारलं.

"साहेब, गाडी पाचशे सीसी आहे ना. आणि विम्यात खंड पण पडलाय सहा वर्षांचा," एजंट म्हणाला. आवाज असा, की कुणी आजारी असल्याचं कळवतोय.

माझी बुलेट, रॉयल एनफिल्डची क्लासिक ५००, ही २०१२ची. नाशिकमध्ये आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती २०१९पासून ताडपत्रीखाली उभी होती. त्या वर्षी माझ्या कमरेची गादी सरकली आणि डॉक्टरांनी दुचाकीला हातसुद्धा लावू नका म्हणून सांगितलं. मग कोरोना आला. मग कार चालवायची सवय लागली. मधल्या काळात सोसायटीतल्या पोरांनी टाकीवरच्या धुळीत बोटाने क्रिकेटचे स्कोअर लिहिले. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे २०२५च्या ऑगस्टमध्ये, त्र्यंबक रोडवर अंजनेरीच्या अलीकडे चहा पीत होतो, तेव्हा चारपाच बुलेट भिजत पुढे गेल्या. घरी आलो आणि थेट पार्किंगमध्ये जाऊन ताडपत्री काढली.

गॅरेजचा खर्च होणार, हे मी धरूनच चाललो होतो. विमा मात्र हिशेबात नव्हता. जुनी गाडी, तिची किंमत उतरलेली, म्हणजे विमाही उतरलेला असणार, असं माझं साधं गणित. म्हणून एजंटचा आकडा ऐकून आधी जुनी फाईल काढली.

शेवटची पॉलिसी जून २०१८ची निघाली. एकूण ३,८४८ रुपये. बायको शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन बसली आणि आम्ही दोन्ही कागद समोरासमोर ठेवले. तेव्हा थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या भागाचे, २,३२३ होते, आता २,८०४. हा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं आणि तो सगळीकडे सारखाच असतो. जून २०२२पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींना २,८०४ लागतात. १५० ते ३५० सीसीला १,३६६. म्हणजे शेजारच्या विंगमधल्या जोशीकाकांची तशीच दिसणारी, तशीच धडधडणारी ३४६ सीसीची बुलेट निम्म्याहून कमी पैशात सुटते. मला २०१२ साली शोरूममध्ये हे कुणी सांगितलं असतं, तरी मी पाचशेच घेतली असती, ते सोडा.

दुसरा फरक अपघाती कव्हरचा. २०१८च्या कागदावर मालक-चालकाचं कव्हर एक लाखाचं, हप्ता पन्नास रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरात ते पंधरा लाखांचं झालं. आता त्याचे ३७५ लावले होते. शिवाय रोडसाइड असिस्टन्सचे १९९, जे मी मागितलेच नव्हते.

तिसरा फरक गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात होता. २०१८ला मला पन्नास टक्के नो क्लेम बोनस होता, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल या भागाच्या हप्त्यात सूट. सलग पाच वर्षं क्लेम न केल्यावर मिळतो तो सगळ्यात वरचा. पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत पुढची काढली नाही, की हा बोनस शून्यावर येतो. मी सहा वर्षं काढली नव्हती. त्यामुळे २०१८ला या भागाचे ८८८ होते, आता १,६१६. सगळ्याची बेरीज ४,९९४ आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी.

माझा राग या बोनसवर होता. सहा वर्षं गाडी जागची हलली नाही, तर क्लेम कुठून येणार? यापेक्षा शहाणा चालक कंपनीला मिळणार आहे का? मी हे एजंटला ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, गाडी विकली असती आणि बोनस राखून ठेवल्याचं पत्र घेतलं असतं, तर तीन वर्षांत नवीन दुचाकीला लागला असता. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही." हे मला २०१९मध्ये कुणी सांगितलं नाही. अर्थात मी तरी कुठे विचारलं होतं.

सोसायटीतल्या एका मित्राने सल्ला दिला, की कशाला एवढं डोकं लावतोस, सकाळी सकाळी फिरव, कोण अडवतंय. विना विमा पकडलं तर पहिल्या वेळी दोन हजार, दुसऱ्या वेळी चार हजार दंड. पण खरी भीती दंडाची नाही. आपल्या गाडीखाली कुणी आलं आणि थर्ड पार्टी नसेल, तर भरपाईचा सगळा आकडा आपल्या खिशावर येतो. सहा वर्षांनी गिअरवर पाय ठेवणाऱ्याने तर हा जुगार खेळूच नये.

म्हणून गाडी चालवत गॅरेजला नेण्याचा प्रश्नच नव्हता. छोटा हत्ती बोलावला, दोन पोरांनी फळी लावून बुलेट वर चढवली आणि सातपूरच्या मिस्त्रीकडे रवाना केली. टाकीत सहा वर्षांपूर्वीचं पेट्रोल, त्याचा वास व्हार्निशसारखा. फ्युएल पंप जाम, बॅटरी मेलेली, टायरांना भेगा. त्या बिलाबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण बायकोही हे वाचते.

आता खरी मजा. विम्यात खंड पडलेला असल्यामुळे कंपनीला गाडीची तपासणी हवी होती. ती आता मोबाइलवर होते. लिंक येते, आपणच गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढायचा. नंबर प्लेट, मीटर, चालू इंजिन आणि चेसिस नंबर. पहिला व्हिडिओ नापास, चेसिस नंबर दिसत नाही. दुसराही नापास, कारण तेच. हा नंबर हँडलच्या खाली, पुढच्या नळीवर कोरलेला असतो आणि माझ्या गाडीवर तिथे गंज आणि ग्रीस यांचा एकजीव थर बसला होता. मिस्त्रीने रॉकेलच्या फडक्याने घासून घासून लोखंड उघडं केलं, तरी अक्षरं काळ्यावर काळीच. मग त्याने ड्रॉवरमधून पांढरा खडू काढला, आडवा धरून नंबरवर घासला आणि अंगठ्याने वरची पूड पुसून टाकली. खाचांत भरलेला खडू तेवढा राहिला. एमई३ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं पाटीवर लिहिल्यासारखं उमटलं. "हे आम्ही आरटीओच्या पासिंगला करतो, दादा," तो म्हणाला. तिसरा व्हिडिओ पास झाला.

तोवर मी तीन ठिकाणी भाव विचारून ठेवले होते आणि एजंटच्या कागदावर पेन चालवलं होतं. रोडसाइड असिस्टन्स कापलं. अपघाती कव्हर "कंपल्सरी आहे साहेब" म्हणून तो अडून बसला. ते सक्तीचं आहे हे खरं, पण एका माणसाला एकच पुरतं. माझ्या कारच्या पॉलिसीत पंधरा लाखांचं कव्हर आधीच आहे आणि जानेवारी २०१९पासून तसं लिहून दिलं की दुसऱ्या गाडीवर पुन्हा घ्यावं लागत नाही. लिहून दिलं, ३७५ गेले. गाडीची विम्यातली किंमत त्याने ऐंशी हजार धरली होती, ती सत्तर केली. उगाच कमीही करायची नाही, कारण गाडी चोरीला गेली तर तेवढेच हातात येतात. शेवटी दुसऱ्या एका कंपनीने नुकसानीच्या भागावर स्वतःची सूट देऊन तो ८४८वर आणला. जीएसटी धरून ४,३०९.

नुसती थर्ड पार्टी घेतली असती तर ३,३०९ झाले असते. बरोब्बर हजाराचा फरक. त्या हजारात चोरी, आग आणि पूर येतो. गोदाकाठच्या गावात पुराला हसून चालत नाही. मी पूर्णच घेतली.

त्या रात्री बायकोने पुन्हा कॅल्क्युलेटर काढला. "अहो, तो तुमचा बोनस असता तर किती वाचले असते?" ८४८चे निम्मे ४२४, जीएसटीसकट पाचशे. एवढंच. बोनस थर्ड पार्टीला लागतच नाही आणि माझ्या हप्त्यातला मोठा वाटा तर थर्ड पार्टीचाच. मग तिने दुसरा हिशेब मांडला. हा पाचशेचा बोनस जपायला मी सहा वर्षं दरसाल अडतीसशे भरत बसलो असतो, तर तेवीस हजारांच्या आसपास गेले असते, तेही ताडपत्रीखालच्या गाडीसाठी. मी दोन आठवडे ज्या अन्यायाबद्दल भेटेल त्याला सांगत होतो, तो असा दीड मिनिटात निकालात निघाला.

एक गोष्ट मात्र मला अजून चमत्कारिक वाटते. या सगळ्या प्रकारात मला कुणी विचारलंच नाही, की तुम्ही शेवटची दुचाकी कधी चालवलीत? गाडीचा व्हिडिओ तीनदा मागितला, माझा एकदाही नाही. माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिकडे हप्ता चालकाचं वय, पत्ता आणि अनुभव बघून ठरतो आणि जुना बोनस दोनेक वर्षांपुढे सहसा धरत नाहीत. तो म्हणाला, "मामा, तुला इथे कुणी दारात उभं केलं नसतं." आपल्याकडे सगळी चौकशी गाडीची. गंजलेला मी होतो.

पीयूसी काढली, नव्या नंबर प्लेटचे ५३१ भरले. पैसे भरल्यावर तिसऱ्या मध्यरात्रीपासून पॉलिसी लागू झाली. सकाळी सहाला किल्ली लावली. त्र्यंबक रोडला जाऊन आलो, कुठे अडखळलो नाही, अंजनेरीच्या अलीकडे त्याच टपरीवर चहाही घेतला. परत येताना सोसायटीच्या गेटशी, वॉचमनने आडवा बांबू उचलावा म्हणून थांबलो. डावा पाय टेकवला तो ओल्या शेवाळावर. जवळपास दोनशे किलोची गाडी हळूहळू, अगदी अदबीने, आडवी झाली. मी तिच्या शेजारी.

क्लच लिव्हर वाकला, इंडिकेटर फुटला. मिस्त्रीचा अंदाज हजाराचा. दहा वर्षांवरच्या गाडीच्या सुट्या भागांची किंमत कंपनी निम्मीच धरते, वरचे शंभर आपल्याच खिशातून, आणि क्लेम केला की पुढच्या वर्षीचा वीस टक्के बोनस सुरू व्हायच्या आत गेला. हे सगळं गणित मी तिथेच, जमिनीवर बसून केलं.

"अहो, इन्शुरन्स आहे ना?" बाल्कनीतून आवाज आला.

"आहे," मी म्हणालो आणि इंडिकेटरचे तुकडे गोळा करून खिशात घातले.